घरगुती उद्योगाची जाहिरात आणि शेजाऱ्याचा हक्क

हलाल उपजीविका शोधणे हे श्रद्धावंताचे कर्तव्य आहे, हे या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. सूरह अल्-जुमुआमध्ये जुमाच्या नमाजसाठी खरेदी-विक्री थांबवण्याचा आदेश आहे आणि नमाज संपताच पृथ्वीवर पांगून अल्लाहचा कृपाप्रसाद शोधण्याचाही आदेश आहे. मिंबरवरून आम्ही पहिल्या आदेशावर पुष्कळ बोलतो. दुसऱ्यावर बोलताना 'मेहनत करा, हराम टाळा' एवढ्यावर येऊन थांबतो. मेहनतीने तयार झालेली वस्तू लोकांपर्यंत कशी पोहोचावी, ती पोहोचवताना काय जाइज आणि काय नाजाइज, आणि तयार करणाऱ्याचा भोवतालच्या लोकांवर काही हक्क आहे की नाही, हा विषय बहुधा राहून जातो. माझ्याकडूनही तो कित्येक वर्षे राहिला होता. एका चिठ्ठीमुळे तो माझ्यासमोर आला. ती हकीकत आधी सांगतो, मग मसाइलकडे वळू.

आमचा आष्टी तालुका बीड जिल्ह्याच्या पश्चिमेला, अहिल्यानगर जिल्ह्याला लागून आहे. प्रदेश पर्जन्यछायेतला. पाऊस झाला तर ज्वारी, तूर, कांदा. न झाला तर दावणीच्या जनावरांच्या दुधावर दिवस काढायचे. दिवाळी सरली की उसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि कारखान्यांचा पट्टा पडल्यावर परततात. अशा मुलखात पुरुषाच्या एकट्याच्या मजुरीवर घर चालणे कठीण. म्हणून आमच्या वस्तीत पुष्कळ घरांत एखादे शिलाई मशीन असते, कोणाकडे शेवयांचे यंत्र असते, कोणी गोधड्या शिवते, कोणी तिखट-मसाला करून देते, ईद जवळ आली की कोणी नानखटाईचे पीठ मळून बेकरीत भाजून आणते. या उद्योगांना दुकान नाही, पाटी नाही, गल्ला नाही. करणारी भगिनी पडद्यात असते आणि तिचा मालही तिच्याबरोबर पडद्यातच राहतो.

काही वर्षांपूर्वीच्या रमजानात, जुमाच्या अजाननंतर, दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाने माझ्या हातात घडी केलेला कागद दिला. त्याची आई विधवा. तिने लिहिले होते की घरी शिरखुर्म्याच्या शेवया केल्या आहेत, बारीक आणि जाड दोन्ही आहेत, नमाजनंतर मौलानासाबांनी माइकवरून तेवढे सांगावे. मी कागद परत केला आणि मशिदीत असले ऐलान होत नसते, एवढेच त्या मुलाला म्हणालो. तो कागद खिशात घालून मागच्या सफमध्ये जाऊन बसला.

मी सांगितलेला मसअला चुकीचा नव्हता. मशिदीच्या आत खरेदी-विक्री करण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली आहे. कोणी तेथे सौदा करताना दिसला, तर त्याच्या व्यापारात नफा न होवो असे म्हणावे, इथपर्यंत ताकीद हदीसमध्ये आहे. हरवलेल्या वस्तूची दवंडीसुद्धा मशिदीत पिटू नये असे सहीह मुस्लिममध्ये आले आहे, मग मालाच्या दवंडीची काय कथा? अल्लाहच्या घरात आलेल्या माणसाचे लक्ष अल्लाहकडेच लागावे, ही त्यामागची हिकमत उघड आहे. आज एका गरीब भगिनीचे नाव माइकवरून घेतले, तर उद्या प्लॉट विकणारा येईल, परवा ट्रॅव्हल्सवाला येईल, आणि नाही म्हणण्यास इमामाकडे तोंड उरणार नाही.

रात्री घरी हा प्रसंग निघाला तेव्हा माझी पत्नी म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात ते ठीक. पण मग कुठे सांगायचे, ते सांगितलेत का?"

मी सांगितले नव्हते. मदरशात मी मशिदीचे आदाब शिकलो होतो, तसा मदीनेच्या बाजाराचा वृत्तांतही शिकलो होतो. हिजरतनंतर प्रेषितांनी मशीद उभारली, आणि रिवायतींत असेही आढळते की त्यांनी मदीनेतील बाजाराच्या जागा पाहिल्या, मुसलमानांसाठी एक मोकळी जागा पसंत केली आणि ती कोणी बळकावून अरुंद करू नये व तेथे कर लावू नये असे बजावले. भांडवल नसलेल्या माणसालाही तेथे माल घेऊन बसता यावे, हा त्याचा अर्थ. म्हणजे ज्यांनी मशिदीच्या आत सौद्यास मनाई केली, त्यांनीच मशिदीबाहेर सौद्याला जागा करून दिली. मी त्या मुलाला अर्धीच सुन्नत सांगून परत पाठवले होते.

दुसऱ्या दिवशी मी जमातीच्या जबाबदार मंडळींशी बोललो. नमाज जिथे पढली जाते ती हद्द आणि फाटकाबाहेरचा रस्ता, यांत शरीअतच्या दृष्टीने फरक आहे. रस्त्याच्या कडेला, कोणाची ये-जा अडणार नाही अशा बेताने, अस्रनंतर एक टेबल मांडावे आणि वस्तीतल्या ज्या घरांत काही तयार होते त्यांनी आपल्या मुलांना किंवा भावांना माल घेऊन तेथे बसवावे, असे ठरले. एका ज्येष्ठ गृहस्थांनी शंका काढली : "मौलाना, रमजान इबादतचा महिना. त्यात हा बाजार शोभेल का? आणि नमाजींना गिऱ्हाईक समजणे बरे का?"

शंका रास्त होती. तिचे उत्तर देण्यासाठी मला पुन्हा किताब उघडावी लागली. वाचकहो, या लेखाचा गाभा त्या उत्तरातच आहे.

हजच्या मोसमात व्यापार

अज्ञानकाळात मक्केच्या परिसरात उकाज, मजन्ना आणि जुल्-मजाज असे तीन मोठे बाजार हजच्या दिवसांत भरत. इस्लाम आल्यावर सहाबांना संकोच वाटू लागला. हज ही निखळ उपासना. तिच्यासाठी निघालेल्या माणसाने वाटेत दोन पैसे कमवावेत, हे पाप तर नव्हे? हजरत अब्दुल्लाह बिन अब्बास (रजि.) सांगतात की या संकोचावर सूरह अल्-बकराची १९८ वी आयत अवतरली आणि या प्रवासात आपल्या पालनकर्त्याचा कृपाप्रसाद शोधण्यात तुमच्यावर काही दोष नाही, असे सांगण्यात आले. हजपेक्षा मोठे लोकांचे एकत्र येणे कोणते? तेथे दोष नसेल, तर अस्रनंतर फाटकाबाहेर अर्धा किलो शेवया विकण्यात दोष कुठून येणार?

परंतु त्याच सूरहच्या २६४ व्या आयतमध्ये लोकांना दाखवण्यासाठी केलेल्या दानाचा दाखला आहे. गुळगुळीत खडकावर मातीचा पातळ थर असावा, मुसळधार पाऊस पडावा आणि खडक पुन्हा उघडा व्हावा, अशी त्या दानाची अवस्था होते. शिवाय असे दान करणाऱ्याला आपल्या कमाईतले काहीच हाती लागत नाही.

या दोन आयती शेजारी ठेवून वाचा. लोकांत मिसळून व्यापार करणे निर्दोष आहे, मात्र तो व्यापाराच्या नावाने व्हावा. लोकांत मिसळून सेवा करणे पुण्याचे आहे, मात्र ती सेवेच्याच नावाने व्हावी. बिघाड होतो तो एकाच्या अंगावर दुसऱ्याचे कपडे चढवल्याने. हल्ली आपल्या जलशांत, इफ्तारच्या कार्यक्रमांत, लग्नात, अगदी मय्यतच्या घरीही पाण्याच्या बाटल्या वाटताना त्यांवर आपल्या व्यवसायाचे नाव आणि मोबाइल क्रमांक चिकटवण्याची प्रथा वाढली आहे. ती हराम आहे असा फतवा मी देत नाही. तो जाहिरातीचा खर्च आहे आणि जाहिरातीचा खर्च करणे जाइज आहे. परंतु तो खर्च सदका म्हणून मनात जमा करू नये आणि जकातच्या पैशातून तर तो मुळीच करता येत नाही. जकात ही अशी रक्कम आहे की देणाऱ्याचा तिच्यातील फायदा पूर्णपणे तुटला पाहिजे. मय्यतच्या घरचे म्हणाल, तर तेथे नाव चिकटवणे मला व्यक्तिशः अशोभनीय वाटते. ज्याला हे पटत नाही त्याने आपल्या घरी तसा प्रसंग आला असता कसे वाटले असते, याचा विचार करावा.

त्या भगिनीने त्या वर्षी काय केले ते पाहा. वस्तीतल्या इफ्तारसाठी तिने दोन किलो शेवयांची खीर दिली आणि कोणाची आहे ते सांगू नका म्हणाली. टेबलावर मात्र तिने मुलाच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी लावली : घरच्या शेवया, भाव अमुक, घर अमुक गल्लीत. खीर तिने अल्लाहच्या खात्यात घातली आणि चिठ्ठी बाजाराच्या. तिने कोणती आयत वाचून हे ठरवले नव्हते, हे मला ठाऊक आहे.

'जाहिरात' या शब्दाविषयी

मी मराठीचाही विद्यार्थी असल्याने थोडे विषयांतर करतो. आपल्या मराठीत बाजाराचे कितीतरी शब्द अरबीतून आले आहेत. हिशेब, वजन, माल, नफा, कर्ज, रक्कम हे त्यांतलेच. 'जाहिरात'ही त्यांतलाच. मुळात 'जाहिर', म्हणजे जे उघड आहे, डोळ्यांना दिसते ते. शब्दाच्या पोटात कौतुक नाही, अतिशयोक्ती नाही. आहे ते दिसू द्यावे एवढाच अर्थ आहे.

आता सहीह मुस्लिममधील तो प्रसिद्ध प्रसंग आठवा. प्रेषित (स.) बाजारातून जात असता धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात घातला आणि बोटांना ओल लागली. त्यांनी विचारणा केली तेव्हा विक्रेत्याने पावसाने भिजल्याचे सांगितले. त्यावर त्यांनी विचारले की मग भिजलेला भाग लोकांना दिसावा म्हणून वर का ठेवला नाहीस, आणि जो फसवतो त्याचा आमच्याशी संबंध नाही असे बजावले. लक्षात घ्या, धान्य भिजणे हा गुन्हा नव्हता, भिजलेले धान्य विकण्यासही त्यांनी मनाई केली नाही. आक्षेप होता तो ओल खाली दडवण्यावर. इस्लामी जाहिरातीचा पहिला धडा कोणता असे मला कोणी विचारले तर मी हाच सांगेन : ओले वर ठेवा.

हा धडा आमच्या वस्तीत पुस्तकातला राहिला नाही. शेवया करणाऱ्या भगिनींना ठाऊक आहे की शेवई पुरती वाळली नाही तर ती वजनात भरते. किलोत दोन मुठी शेवया कमी जातात, ग्राहकाला तेव्हा कळत नाही आणि आठ दिवसांनी डब्यात बुरशी येते. त्या रमजानाच्या शेवटच्या आठवड्यात अवकाळी पाऊस आला. खाटांवर पसरलेल्या शेवया आत ओढेपर्यंत चार-पाच किलो भिजल्या, आणि ढगांमुळे पुढचे दोन दिवस ऊन नव्हते. ईद तोंडावर, मागणी जोरात. तिने मुलाबरोबर मला विचारणा पाठवली की या शेवया विकता येतील का. या वेळी मी नुसते हो-नाही सांगितले नाही. विकता येतील, वेगळ्या ठेवा, ओल सांगा, लवकर शिजवून संपवण्यास सांगा आणि भाव उतरवा, असे कळवले. तिने तसे केले. काहींनी त्या घेतल्या, काहींनी नाक मुरडून दुसरीकडची वाट धरली. एका गृहस्थांनी तर सगळे ऐकून, स्वस्तात घेऊन, ईदनंतर पुन्हा तक्रार केली. खरे बोलल्याने प्रत्येक सौदा होतोच असे नाही. हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्या हदीसमध्ये वचन आहे ते बरकतचे : घेणारा आणि देणारा खरे बोलले व दोष उघड केले, तर त्यांच्या सौद्यात बरकत होते, आणि लपवले तर ती पुसली जाते. बरकत आणि त्या दिवसाचा गल्ला या एकच गोष्टी नव्हेत.

व्हॉट्सॲपच्या जाहिरातीलाही हेच लागू आहे. मोहल्ल्याच्या गटावर आपल्या मालाचा फोटो टाकणे जाइज आहे. दुसऱ्याच्या मालाचा फोटो आपला म्हणून टाकणे ही फसवणूक आहे. आपल्याच भावाला, मेहुण्याला सांगून 'खूप छान, आम्ही नेहमी इथूनच घेतो' असे लिहवून घेणे, जेव्हा त्यांनी कधी पैसे देऊन घेतलेलेच नसते, हेही तसेच. घ्यायचे नसताना केवळ दुसऱ्याला भुलवण्यासाठी बोली वाढवण्यास हदीसमध्ये 'नज्श' म्हटले आहे आणि त्यास मनाई आहे. खोटी शिफारस त्याच्याच जातीची. शपथांचेही तसेच. 'अल्लाहकसम, असा माल आष्टीत मिळणार नाही' हे वाक्य आपल्या तोंडात किती सहज येते! शपथेने माल खपतो पण बरकत नष्ट होते, हे बुखारी व मुस्लिम दोन्हींत आले आहे.

पावसात भिजलेल्या त्या शेवयांवरून मला मुंबईतील एक जुनी हकीकत आठवते. ती मुसलमान भगिनींची नाही, पण हिकमत जिथे मिळेल तिथून घ्यावी. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गुजराती गृहिणी इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून त्यांनी ८० रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली. पहिल्याच वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड आणि खाली स्टोव्ह! ओला पापड पाकिटात घालून वजन वाढवण्याचा मार्ग त्यांनाही मोकळा होता. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, हलक्या प्रतीचे स्वस्तात विकत. पारेखांनी एकच चांगली प्रत ठेवण्याचा आणि हिशेब चोख लिहिण्याचा सल्ला दिला. तोटा झाला तरी कोणापुढे देणगीसाठी हात पसरायचा नाही, हे त्यांनी आधीच ठरवले होते. शेजारणी येत गेल्या, त्याही लाटू लागल्या. आज 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' या नावाने हजारो भगिनी त्यात आहेत, आणि त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. १९६२ मध्ये स्वीकारलेले 'लिज्जत' हे नावही आपल्या 'लज्जत'चेच गुजराती रूप. तोही अरबी शब्द.

त्या हकीकतीतली एक गोष्ट मला विशेष वाटते. शेजारीण तेथे केवळ गिऱ्हाईक राहिली नाही, ती भागीदार झाली. आपल्याकडे एका घरी शेवयांचे यंत्र आले की वर्षभरात त्याच गल्लीत आणखी तीन येतात आणि चारही घरे भाव पाडून एकमेकींचे नुकसान करतात. त्याऐवजी एकीने यंत्र चालवावे, दुसरीने वाळवण सांभाळावे, तिसरीच्या मुलाने पोहोचवावे आणि वाटे आधी ठरवून लिहून ठेवावेत, हे शिर्कत म्हणून शरीअतला पसंत आहे. बोलणे लेखी असावे, हे मात्र विसरू नये. भावकीतली आणि शेजारातली भांडणे बहुधा न लिहिलेल्या शब्दांवरूनच होतात.

वस्तीचे कर्तव्य

येथवर विकणाऱ्या भगिनीविषयी बोललो. आता घेणाऱ्यांकडे वळतो आणि येथे मला थोडे कठोर बोलावे लागेल. त्या टेबलाच्या दुसऱ्या वर्षी ती भगिनी म्हणाली की मौलानासाब, माल सगळा गेला, पैसे मात्र आले नाहीत. मी वही मागवली. उधारीच्या नावांत उसतोडीला जाणारी घरे होती, त्यांचे समजू शकतो. पट्टा पडून हिशेब होईपर्यंत त्यांच्या हातात पैसा नसतो आणि तंगीतल्या कर्जदाराला सवलत द्यावी असे कुरआननेच सांगितले आहे (२:२८०). त्या घरांनी परतल्यावर आठवणीने पैसे दिलेही. पण वहीत पगारदारांची नावे होती, दुकानदारांची होती, आणि, अल्लाह माफ करो, मशिदीच्या पहिल्या सफमध्ये बसणाऱ्यांचीही होती. हेच लोक किराणा दुकानात रोख देतात, मॉलमध्ये भाव विचारत नाहीत. घरगुती माल घेताना मात्र 'घरचेच आहे, देऊ कधीतरी' म्हणतात आणि वर किलोमागे दहा रुपये कमी करून मागतात. ऐपत असताना देणे लांबवणे हा जुलूम आहे, असे प्रेषितांनी स्पष्ट सांगितले आहे. 'जुलूम' हा शब्द माझा नाही, हदीसमधला आहे.

शेजाऱ्याला शेवया देताना 'लिहून ठेवू का' म्हणायची लाज वाटते, अशी पुष्कळ भगिनींची अडचण असते. कुरआनमधील सर्वांत लांब आयत (२:२८२) नमाज किंवा रोजावर नाही. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्यावर आहे, आणि रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये असे तीत सांगितले आहे. लिहिणे हा अविश्वास मानू नये. माझी विनंती अशी आहे की घेणाऱ्यानेच आपण होऊन म्हणावे, "भाभी, वहीत लिहा."

सूरह अल्-माऊनही या संदर्भात वाचावी. तिच्या शेवटी ज्यांची निर्भर्त्सना आहे, ते दिखाऊ नमाज पढतात आणि 'माऊन' देण्यास नकार देतात. माऊन म्हणजे काय? भाष्यकारांनी पातेले, बादली, कुऱ्हाड अशा शेजारी एकमेकांकडे मागतात त्या वस्तू सांगितल्या आहेत. आजच्या वस्तीत वाळवणासाठी आपली गच्ची चार दिवस देणे, तराजू देणे, फोडणीला मोठे पातेले देणे, मुलाच्या गाडीवरून दोन पुडे पोहोचवून देणे, ज्याला लिहिता येते त्याने हिशेबाची वही मांडून देणे, खाद्यपदार्थांची सरकारी नोंदणी करायची असेल तर संगणकावर अर्ज भरून देणे, हे सगळे माऊनच आहे. हे देण्याला पैसे लागत नाहीत. एखाद्या गरीब घराला रमजानात रेशनची पिशवी देऊन फोटो काढणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्याच घरातून पैसे मोजून शेवया घेणारे कमी. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मदीनेत आले तेव्हा त्यांचे अन्सारी भाऊ हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांनी आपली अर्धी संपत्ती देऊ केली. त्यांनी दुआ दिली आणि बाजाराचा रस्ता विचारला. संध्याकाळी ते पनीर आणि तूप कमावून परतले. देऊ करणाऱ्याचे मोठेपण आपण सांगतो. रस्ता दाखवणाऱ्याचेही सांगायला हवे.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. पहिली, भगिनीची कमाई तिची असते. सूरह अन्-निसाच्या ३२ व्या आयतमध्ये पुरुषांच्या कमाईत पुरुषांचा आणि स्त्रियांच्या कमाईत स्त्रियांचा हिस्सा सांगितला आहे. घरखर्चाची जबाबदारी पतीची. पत्नीने स्वखुशीने हातभार लावला तर तिला दुप्पट पुण्य आहे, पण तिच्या शेवयांचे पैसे मागून घेऊन तंबाखूत उडवण्याचा हक्क कोणालाच नाही. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्त जहश (रजि.) स्वतःच्या हातांनी कामे करून कमवीत आणि त्यातून सदका देत. प्रेषितांच्या पत्नींपैकी त्यांच्यानंतर सर्वप्रथम 'लांब हातांची' पत्नी मृत्यू पावेल, असे प्रेषितांनी सांगितले होते. घरातल्यांनी काठीने हात मोजून पाहिले. नंतर उमगले की हाताची लांबी म्हणजे दान.

दुसरी, आपला शेजार केवळ मोहल्ल्यापुरता नाही. आमच्याकडे लग्नाच्या रुखवतात शेवया, कुरडया, पापड लागतात आणि उन्हाळ्यात वाळवण प्रत्येक घरी हवे असते, मग ते घर कोणत्याही धर्माचे असो. प्रेषितांनी आपल्या अखेरच्या दिवसांत घरच्यांसाठी एका यहुदी व्यापाऱ्याकडून जव उधार घेतले होते आणि चिलखत तारण ठेवले होते. व्यवहारात धर्माची भिंत त्यांनी घातली नाही. ती भगिनी आता तीन गल्ल्यांपलीकडच्या मराठा, माळी, वंजारी घरांतही शेवया देते. त्या घरांतल्या बायका आपल्या अहिल्यानगरच्या लेकींना पाठवतात. २३ सप्टेंबर २०२२ रोजी न्यू आष्टीहून नगरची रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून अधूनमधून शेवयांचे डबे गाडीनेही जातात. हे सगळे कोणत्या मोहिमेने झाले नाही. अवकाळीच्या वर्षी ज्यांना तिने ओल सांगून माल दिला होता, त्यांतल्याच एका शिक्षिकाबाईंनी चार घरांत तिचे नाव सांगितले, एवढेच मला कळले आहे.

टेबल अजून रमजानात लागते. फाटकाच्या आत ते आम्ही येऊ देत नाही आणि माइकवरून अजूनही कोणाचे नाव घेत नाही. मात्र जुमाच्या बयानमध्ये वर्षातून एकदा मी उधारीवर बोलतो. त्यानंतरच्या आठवड्यात वहीतली काही नावे खोडली जातात, सगळी नाही.

गेल्या शाबानमध्ये त्या भगिनीने पुन्हा एक चिठ्ठी पाठवली. मुलगा आता कॉलेजात जातो, तोच घेऊन आला. तिने जकातचा हिशेब विचारला होता. यंत्रावर जकात नाही, ते कामाचे साधन आहे. विक्रीसाठी घरात असलेला रवा, मैदा आणि तयार शेवया, हाती असलेली रोकड, आणि वसूल होण्याची खात्री असलेली उधारी यांची बेरीज करावी, स्वतःवरचे देणे वजा करावे, बाकी निसाबइतकी असेल आणि वर्ष पूर्ण झाले असेल तर अडीच टक्के. तिचा निसाब पहिल्यांदाच पूर्ण होत होता. चिठ्ठीच्या शेवटी आणखी एक प्रश्न होता : तुटलेल्या शेवयांचा चुरा मदरशातल्या गरीब मुलांना दिला तर तो जकातमध्ये धरता येईल का? मी लिहून कळवले की मुले हक्कदार असतील तर धरता येईल. पण भाव चुऱ्याचा धरावा, अखंड शेवईचा नाही, आणि स्वतः घेताना ज्यावर आपण डोळे झाक करू असे हलके दान निवडू नये असे कुरआनमध्ये आहे (२:२६७), म्हणून चुरा सदका म्हणून द्यावा आणि जकातीत चांगल्या शेवयाच द्याव्यात. तिने दोन्ही पाठवल्या, वेगवेगळ्या पिशव्यांत, वर चिठ्ठ्या लावून.